चाळिशीतला अल्ट्रा, दुखरी टाच आणि थांबण्याचा इतिहास

आजचा भाग नेहमीपेक्षा जरा लांब झालाय, कारण विषयच लांब पल्ल्याचा आहे. ज्यांना कानात इअरफोन घालून ऐकायला जमत नाही, त्यांच्यासाठी हे लेखी रूप. बोलताना जिथे अडखळलो ते काढून टाकलंय, बाकी बोललो तसंच ठेवलंय.

तर विषय आहे अल्ट्रामॅरेथॉन. मॅरेथॉन म्हणजे ४२.१९५ किलोमीटर, हे आता सगळ्यांना माहीत आहे. त्याहून लांब अंतराची कुठलीही शर्यत म्हणजे अल्ट्रा. आणि डांबरी रस्ता सोडून डोंगर, पायवाटा, दगडधोंडे यांतून गेली की ती ट्रेल अल्ट्रा. आपल्या महाराष्ट्रात याचं नाव काढलं की लोक पहिल्यांदा एसआरटी म्हणतात. सिंहगड, राजगड, तोरणा. तीन किल्ले, साधारण ५३ किलोमीटर, आणि त्यातला तोरणा १४०३ मीटर उंच.

इन्स्टाग्रामवर या शर्यतींचे रील पाहिले तर वाटतं, हा सगळा पंचविशीतल्या पोरांचा खेळ आहे. प्रत्यक्ष सुरुवातीच्या रेषेवर जाऊन बघा. डोक्यावर पांढरे केस, गुडघ्याला पट्टी, पाठीवर पाण्याची पिशवी, असे चाळिशी-पन्नाशीतले लोक जागोजागी दिसतात. आणि त्यांच्या गप्पा वेगाच्या नसतात, दुखण्याच्या असतात. कुणाची टाच, कुणाचा गुडघा, कुणाची कंबर.

माझे मामा त्यांच्यातलेच. वय ४६, मेहकरला शाळेत शिकवतात. दोन वर्षांपासून धावतात, यंदा डिसेंबरमध्ये किल्ल्यांवर धावायचं असं वर्गात पोरांना सांगून बसले, आणि जूनपासून त्यांची उजवी टाच धरली. सकाळी पलंगावरून पाय खाली ठेवला की पहिली दहा पावलं लंगडत. मामींनी एका वाक्यात निकाल दिला, "हे वय हाय का पळायचं? काहून तंगड्या तोडून घेऊन राहिले?"

मला हा प्रश्न इतिहासाचा वाटला. लांब पळायचं वय खरंच असतं का? आणि दुखापत झाल्यावर पूर्वीचे लोक काय करायचे? आजचा भाग त्याच शोधाचा.

पोटासाठी पळणारे

आपल्याकडे लांब पळणं हा आधी छंद नव्हता, ती नोकरी होती. मराठेशाहीच्या कागदपत्रांत काशीद आणि जासूद हे शब्द सारखे येतात. पत्रं, निरोप, बातम्या पायी घेऊन जाणारी ही माणसं. आणि त्या कागदांत बऱ्याचदा शब्द येतो तो 'जोडी'. एकटा माणूस नाही, दोघे. वाटेत एकाचा पाय मुरगळला, ताप आला, चोरांनी गाठलं, तर निरोप दुसऱ्यानं पुढे न्यायचा. आम्ही सॉफ्टवेअरवाले ज्याला बॅकअप म्हणतो, ते.

इंग्रजांच्या काळात टपालाचा हरकारा आला. हातात भाला, त्याला घुंगरं, पाठीवर टपालाची थैली. त्याची व्यवस्था टप्प्यांची होती. एक हरकारा साधारण सहा ते आठ मैल पळायचा आणि पुढच्या चौकीवर थैली दुसऱ्याच्या हातात द्यायचा. म्हणजे टपाल शेकडो मैल न थांबता जायचं, पण माणूस दहा-बारा किलोमीटरवर थांबायचा. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल. लांब पल्ला गाठणाऱ्या जुन्या व्यवस्थांनी माणसाचं थांबणं आधीच हिशेबात धरलं होतं.

याचा अर्थ त्यांचं आयुष्य सोपं होतं असं नाही. टाच दुखते म्हणून आज सुट्टी, असं म्हणायची सोय त्या माणसाला कितपत असेल, याचा अंदाज तुम्हीच करा. पळणं हीच रोजीरोटी होती.

पुणे १९१९, अँटवर्प १९२०

आता छंद आणि शर्यत कुठून आली ते बघू. पुण्यात डेक्कन जिमखाना १९०६ साली सुरू झाला. १९१९ साली सर दोराबजी टाटा तिथे अध्यक्ष होते. मैदानी स्पर्धा भरल्या, त्यात सुमारे २५ मैलांची लांब शर्यत होती. धावणारे बहुतेक शेतकरी घरातले तरुण. पायात काही नाही, अनवाणी. रस्ता खडीचा नाहीतर मातीचा. दोराबजींनी नंतर एका पत्रात या शर्यतीची आठवण लिहिली. या मुलांना ना शास्त्रशुद्ध तालीम होती, ना नियमांची माहिती, तरी त्यांच्या वेळा युरोपातल्या वेळांच्या तोडीच्या होत्या, हे बघून ते थक्क झाले होते.

त्यातूनच पुढच्या वर्षी १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकला भारताचा छोटासा संघ गेला. मॅरेथॉनमध्ये आपले दोघं होते. बेळगावचे फडेप्पा चौगुले आणि सदाशिव दातार. त्या वर्षीचं अंतर नेहमीपेक्षा लांब होतं, ४२.७५ किलोमीटर. चौगुले २ तास ५० मिनिटं ४५ सेकंदांत १९ वे आले. दातारांना शर्यत पूर्ण करता आली नाही.

आजच्या भाषेत दातारांच्या नावापुढे 'डीएनएफ' लागलं, म्हणजे 'पूर्ण केली नाही'. आपण १९ वा क्रमांक अभिमानानं सांगतो आणि दुसरं नाव गिळून टाकतो. मला वाटतं दोन्ही नावं बरोबरीनं सांगायला हवीत. भारताच्या ऑलिंपिक मॅरेथॉनचा इतिहास पहिल्याच दिवशी एक पूर्ण आणि एक अपूर्ण, असा जोडीनं सुरू होतो.

अडतिसाव्या वर्षी धावायला लागलेला शेतकरी

पण ही सगळी तरुण पोरं. मामींचा प्रश्न वयाचा होता. त्यासाठी आपल्याला दक्षिण आफ्रिकेत जावं लागेल.

डर्बन आणि पीटरमॅरिट्झबर्ग ही दोन गावं आपल्याला शाळेच्या पुस्तकामुळे माहीत आहेत. १८९३ साली गांधीजी डर्बनहून निघाले आणि मॅरिट्झबर्गच्या स्टेशनवर त्यांना गाडीतून उतरवलं गेलं. याच दोन गावांदरम्यान १९२१ साली कॉम्रेड्स मॅरेथॉन सुरू झाली. पहिल्या महायुद्धातल्या साथीदारांच्या स्मरणार्थ, व्हिक क्लॅपहॅम नावाच्या माजी सैनिकानं. अंतर सुमारे ९० किलोमीटर, मध्ये डोंगरच डोंगर. आज महाराष्ट्रातूनही दरवर्षी धावपटू तिथे जातात.

दुसऱ्याच वर्षी, १९२२ साली, ती शर्यत आर्थर न्यूटन नावाच्या शेतकऱ्यानं जिंकली. त्यानं तालीम सुरू केली त्याच वर्षीच्या जानेवारीत, तेव्हा वय ३८. शर्यत मे महिन्यात, तोवर ३९ पूर्ण. वेळ ८ तास ४० मिनिटं. पुढच्या वर्षी त्यानं तीच शर्यत ७ तासांच्या आत संपवली. एकूण पाच वेळा जिंकला.

तो पळायला का लागला, हेही सांगायला हवं. सरकारच्या जमीन धोरणाविरुद्ध त्याची तक्रार होती, कुणी ऐकत नव्हतं, आणि नाव झालं तर पेपरवाले ऐकतील असा त्याचा हिशेब होता. ती तक्रार एका गोऱ्या शेतकऱ्याची होती, आणि ती आफ्रिकन लोकांना दिल्या जाणाऱ्या जमिनीबद्दल होती, हे विसरून चालणार नाही. खुद्द कॉम्रेड्समध्येही कृष्णवर्णीयांना आणि स्त्रियांना अधिकृत प्रवेश १९७५ साली मिळाला. तर न्यूटनला डोक्यावर घ्यायचं कारण नाही. पण त्याची तालमीची पद्धत शिकण्यासारखी आहे.

त्या काळातले धावपटू तालमीत बराचसा वेळ चालायचे आणि थोडं जोरात पळायचे. न्यूटननं उलटं केलं. रोज भरपूर अंतर, पण हळू. तालमीत स्वतःला दमवून टाकायचं नाही, शर्यत ही शर्यतीच्या दिवशीच. आणि सगळ्या मैलांची नोंद वहीत. आज आपण मनगटावरच्या घड्याळात जो लॉग बघतो, तो हा माणूस शंभर वर्षांपूर्वी हातानं लिहीत होता.

बनियन डर्बी

आता दुखापतीकडे येऊ. मार्च १९२८ मध्ये अमेरिकेत सी. सी. पाइल नावाच्या एका व्यावसायिकानं लॉस एंजेलिस ते न्यूयॉर्क अशी पायी शर्यत काढली. ८४ दिवस, सुमारे ३४०० मैल. पेपरवाल्यांनी नाव ठेवलं बनियन डर्बी. आपल्या बनियनशी त्याचा संबंध नाही, पायाच्या अंगठ्याजवळ जी हाडाची गाठ येते तिला इंग्रजीत बनियन म्हणतात.

१९९ जण निघाले, ५५ पोहोचले. प्रत्येक दिवसाचं अंतर आयोजक ठरवायचे. आज पाय सुजलाय म्हणून पाच मैल कमी, असा पर्याय नव्हता. न्यूटन तेव्हा ४४ वर्षांचा होता, सगळ्यात अनुभवी होता, सुरुवातीला पुढेही होता. ॲरिझोनात घोट्यापाशी दुखापत झाली आणि त्यानं शर्यत सोडली. जिंकला अँडी पेन, ओक्लाहोमाचा वीस वर्षांचा पोरगा.

इथे गोष्ट संपली असती तर मामींचं म्हणणं बरोबर ठरलं असतं. पण १९३१ साली कॅनडात हॅमिल्टनला न्यूटन २४ तासांत १५२ मैल ५४० यार्ड धावला. म्हणजे सुमारे २४५ किलोमीटर. वय ४७. आणि १९३४ साली इंग्लंडमध्ये बाथ रोडवर त्यानं १०० मैल १४ तास ६ मिनिटांत पार केले. याच रस्त्यावरची त्याची १९२८ ची वेळ १४ तास २२ मिनिटं होती. तेव्हा ४४ चा होता, आता ५१ चा.

म्हणजे सोडून दिलेल्या शर्यतीनंतर सहा वर्षांनी तो सोळा मिनिटांनी वेगवान झाला. ॲरिझोनात हट्टानं पळत राहिला असता तर हे झालं असतं का? इतिहासात 'जर-तर' चालत नाही, पण मला तरी शंका आहे.

आणि ट्रेल अल्ट्राचा आधुनिक जन्मही एका दुखापतीतूनच झालाय. कॅलिफोर्नियात घोड्यांची १०० मैलांची डोंगरी शर्यत व्हायची. १९७३ साली गॉर्डी एन्स्ली नावाच्या स्वाराचा घोडा वाटेत लंगडा झाला. १९७४ साली गडी घोड्याशिवाय आला आणि तेच अंतर २४ तासांच्या आत पायी पार केलं. त्यातूनच पुढे वेस्टर्न स्टेट्स ही जगप्रसिद्ध शर्यत उभी राहिली. घोडा लंगडला तर त्याला थांबवायचं, हे सगळ्यांना कळत होतं. माणसाच्या बाबतीतच आपण वाद घालतो.

टाचेमागच्या शिरेचा इतिहास

मी डॉक्टर नाही, बीटेक आहे. त्यामुळे इथे उपचार सांगत नाही, उपचारांचा इतिहास सांगतोय. तुमची टाच फिजिओथेरपिस्टला दाखवा.

१९७८ साली गेब मर्किन या अमेरिकन डॉक्टरनं दुखापतीसाठी चार गोष्टींचं सूत्र दिलं. विश्रांती, बर्फ, दाबपट्टी, पाय उंचावर. इंग्रजी आद्याक्षरांचा शब्द झाला राइस. जगभरच्या मैदानांवर हा मंत्र झाला. पुढे त्याच मर्किननं जाहीरपणे म्हटलं की बर्फ आणि संपूर्ण विश्रांती यांनी बरं होणं लांबू शकतं.

मग टाचेमागच्या जाड शिरेचं, म्हणजे अकिलीस टेंडनचं, करायचं काय? स्वीडनमध्ये हाकन आल्फ्रेडसन नावाचे हाडांचे डॉक्टर होते. ते स्वतः धावायचे आणि त्यांची हीच शीर दुखत होती. त्यांना ऑपरेशन करून घ्यायचं होतं, वरिष्ठ तयार होईनात. तेव्हा त्यांनी ठरवलं की शिरेवर इतका ताण द्यायचा की ती तुटेलच, मग ऑपरेशन करावंच लागेल. पायरीच्या कडेवर उभं राहून टाच खाली सोडायची, पुन्हा पुन्हा. झालं उलटंच, दुखणं कमी झालं.

१९९८ साली त्यांनी १५ हौशी खेळाडूंवर याचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांचं सरासरी वय ४४ च्या आसपास. रोज १८० वेळा टाच खाली, १२ आठवडे. पंधराही जण पुन्हा धावायला लागले. पुढच्या अभ्यासांत जड वजन हळूहळू उचलण्यासारख्या दुसऱ्या पद्धतीही उपयोगी दिसल्या, आणि सगळ्यांना सारखाच गुण येतो असंही नाही. पण दिशा ठरली. नुसतं पडून राहायचं नाही, आणि दुखणं दाबून पळायचंही नाही. मोजून, वाढवत ताण द्यायचा.

यात चाळिशीचा मुद्दा कुठे येतो? २०१३ साली डेन्मार्कमधल्या संशोधकांनी एक भन्नाट गोष्ट शोधली. १९५५ ते १९६३ च्या काळात अणुचाचण्यांमुळे हवेत किरणोत्सारी कार्बन वाढला होता, आणि तो त्या काळातल्या माणसांच्या शरीरात उतरला. तो मोजून त्यांनी टाचेच्या शिरेचं वय काढलं. शिरेचा गाभा साधारण १७ व्या वर्षापर्यंत तयार होतो, त्यानंतर तो जवळपास बदलतच नाही. स्नायूंचा भाग मात्र सतत नवा होत असतो.

म्हणजे बघा, मामांनी दोन वर्षं धावून दम वाढवला, छाती साथ द्यायला लागली, मांड्या तयार झाल्या. पण टाचेमागची शीर दहावी-अकरावीतल्या पोराच्या काळातली आहे, आणि मधली पंचवीस वर्षं ती खुर्ची आणि मोटारसायकलवर होती. इंजिन नवं, चेसिस जुनं. इंजिन म्हणतं चल, चेसिस म्हणतं थांब. मध्यमवयातल्या दुखापतीचं मोठं कारण या दोघांच्या वेगातल्या फरकात आहे. त्यावर इलाज एकच, जो हळू आहे त्याच्या वेगानं चालायचं.

मेहकरची शाळा

आता आपल्या गावाकडे. आषाढीनंतर गजानन महाराजांची पालखी पंढरपूरहून शेगावला परतते, ती लोणार, मेहकर, जानेफळ अशी आपल्याकडून जाते. लहानपणापासून आम्ही रस्त्याच्या कडेला उभं राहून ती पाहतो. शेकडो किलोमीटर पायी चालून आलेली ही माणसं, त्यांत पन्नाशी-साठीचे कितीतरी. ते कसे चालतात ते एकदा नीट बघा. रोजचं अंतर ठरलेलं, विसावा ठरलेला, मुक्काम ठरलेला. मुक्कामाला पोचलं की गरम पाणी, तेल, पाय चोळणं. मुक्काम केला म्हणून वारी अपुरी राहिली असं कुणी म्हणत नाही. मुक्काम वारीचाच भाग आहे.

हरकाऱ्याची चौकी, काशीदाची जोडी, वारीचा मुक्काम, न्यूटनची हळू तालीम. या सगळ्यांत थांबणं आधीपासून धरलेलं आहे. बनियन डर्बीत ते दुसऱ्याच्या हातात होतं, आणि तिथे बहुतेक जण गळाले.

याच जिल्ह्याशी जोडलेलं आणखी एक नाव घेतो. लता करे. मूळचं बुलढाणा जिल्ह्यातलं कुटुंब, कामासाठी बारामतीकडे गेलेलं. दहा-बारा वर्षांपूर्वी नवऱ्याच्या तपासणीसाठी पैसे नव्हते म्हणून साठी ओलांडलेली ही बाई नऊवारी नेसून, अनवाणी, बारामतीत ज्येष्ठांच्या ३ किलोमीटरच्या शर्यतीत धावली आणि जिंकली. पुढे त्यांच्यावर सिनेमा आला, त्यात त्यांनीच काम केलं आणि ६७ व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत त्यांचा विशेष उल्लेख झाला. आपण ही गोष्ट 'प्रेरणादायी' म्हणून फॉरवर्ड करतो. मला ती ऐकून आधी त्रास होतो. त्या बाईला थांबायची सोय नव्हती. हरकाऱ्यालाही नव्हती. मामांना आहे. नोकरी आहे, पगार आहे, टाच दुखली तर कुणाचा दवाखाना अडणार नाही. ज्याला थांबता येतं त्यानं न थांबण्याचा हट्ट मिरवणं, हे न थांबता येणाऱ्यांकडून काहीच न शिकण्यासारखं आहे.

हे सगळं मी मामांना सांगितलं. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "पोरांना काय सांगू?" मी म्हटलं, "मामा, दातारांचं नाव सांगा."

यंदाचा डिसेंबर त्यांनी सोडला. सोपं गेलं नाही, दोन दिवस कुणाशी धड बोलले नाहीत. आता फिजिओथेरपिस्टनं लिहून दिलेला व्यायाम सकाळ-संध्याकाळ जिन्याच्या पायरीवर सुरू आहे. आम्ही एक साधी शीट बनवली. तारीख, किती वेळा, सकाळचं दुखणं दहापैकी किती. दुखणं दुसऱ्या दिवशी वाढलं तर ताण एक पायरी मागे, सात दिवस स्थिर राहिलं तर एक पायरी पुढे. पळण्याच्या जागी आधी चालणं, मग चालणं-पळणं आलटून पालटून.

चढाच्या सरावासाठी आपल्याला सह्याद्री जवळ नाही, पण लोणार आहे, मेहकरपासून वीस-पंचवीस किलोमीटरवर. विवराच्या काठापासून तळापर्यंत सुमारे १३७ मीटर. एक हजार मीटर चढायचं तर सात-आठ फेऱ्या. ते अभयारण्य आहे, तेव्हा वेळेचे नियम पाळून आणि आहे त्याच वाटेनं. आणि लक्षात ठेवा, पायाला जास्त मार चढताना नाही, उतरताना बसतो. उतारावर मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच भार पेलतो. म्हणून सुरुवातीला चढ कितीही घ्या, उतार मोजून घ्या. टाचवाल्यांसाठी मात्र चढही मोजूनच, कारण चढावर ती शीर जास्त ताणली जाते.

तर मामींच्या प्रश्नाचं उत्तर काय? इतिहास म्हणतो, वय आहे. अडतिसाव्या वर्षी सुरू करायचं आहे आणि एकावन्नाव्या वर्षी स्वतःचीच जुनी वेळ मोडायचीही आहे. फक्त मधे एखादं ॲरिझोना येतं, आणि तिथे थांबावं लागतं.

तुमच्या घरात कुणी असं चाळिशीनंतर धावायला लागलंय का? आई, काका, ऑफिसातले सर? त्यांना दुखलं तेव्हा त्यांनी काय केलं, हे एकदा विचारा आणि आम्हाला व्हॉइस नोट पाठवा. किती किलोमीटर धावले ते नका सांगू. कुठे थांबले आणि परत कसे निघाले, ते सांगा. पुढच्या भागात त्यातल्या काही ऐकवू. तोवर सावकाश चला. राम राम!